डोळखांबहून मुंबई पाहताना

दरवर्षी दिवाळीची सुटी संपली की आमच्या स्टाफरूममध्ये शैक्षणिक सहलीचा विषय निघतो, आणि ठिकाणाविषयी फारशी चर्चा होत नाही. मुंबई. अंतर बेताचे, खर्च बेताचा, आणि डोळखांब परिसरातल्या पाड्यांवरून येणाऱ्या आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी ती अजून पाहिलेली नसते. आसनगावला लोकलमध्ये बसले की दोन-सव्वादोन तासांत जे शहर येते, ते विशीपर्यंत न पाहिलेली मुलेमुली पदवीच्या वर्गात बसलेली असतात, हे शहरातल्या प्राध्यापक मित्रांना सांगितले तर खरे वाटत नाही.

सहल ठरली की कार्यालयातून एक झेरॉक्स निघते. गेटवे ऑफ इंडिया, म्युझियम, राणीची बाग, तारांगण, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू चौपाटी. खाली सूचना : मौल्यवान वस्तू सोबत आणू नयेत, घोळका सोडू नये, दुपारचा डबा ज्याने त्याने आणावा. मी स्वतः विद्यार्थिनी असताना मला मिळालेला कागद याहून निराळा नव्हता. तारापोरवाला मत्स्यालय बंद झाल्यापासून त्या नावावर पेनाने काट मारली आहे, एवढाच काय तो पाऊणएक पिढीतला बदल. प्रस्तुत लेखाचा विषय ही झेरॉक्स आहे.

यादीतली स्थळे वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. म्हातारीच्या बुटात शिरून वरच्या खिडकीतून हात हलवण्यात जो आनंद आहे तो मला आजही आहे. माझी तक्रार वेगळी आहे. पाहण्याच्या या सूचना कुणासाठी लिहिल्या आहेत? दिल्लीहून आलेला प्रवासी, साताऱ्याहून आलेले नवे जोडपे आणि डोळखांबहून आलेली महादेव कोळी समाजातली मुलगी, या तिघांना ही यादी एकच शहर दाखवते. पाहणारा कुठून आला आहे, त्याचे या शहराशी आधीपासून काही नाते आहे का, हे ती विचारत नाही. आणि आमच्या विद्यार्थ्यांचे नाते तर चांगलेच जुने आहे. ते पुढे येईल.

मराठीला शहर पाहण्याची आणि दाखवण्याची स्वतःची परंपरा आहे, हे वर्गात आपण सांगतो आणि सहलीला विसरतो. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ सालचे. मुंबईवर मराठीत सविस्तर लिहिलेले हे पहिले पुस्तक. पुढे १८८९ मध्ये बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ आला. ही पुस्तके आज आपण संदर्भग्रंथ म्हणून चाळतो, पण मुळात ती ‘हे शहर काय प्रकरण आहे’ हे आपल्या माणसांना समजावून सांगणारी पुस्तके आहेत. माडगावकर देवळे सांगतात, तशी तळी, बाजार, जातीजमाती आणि धंदेही सांगतात. शहराचे पोट कशावर चालते, हे पाहण्याजोग्या गोष्टींत धरायचे असते, ही दृष्टी त्यांच्याकडे होती. पुढच्या काळात बोरीबंदरापासून जुहूपर्यंत एका दिवसात उरकायच्या दहा-बारा जागा उरल्या आणि पोट यादीतून गळाले. २००८ साली मुरली रंगनाथन यांनी माडगावकरांचे पुस्तक इंग्रजीत नेल्यावर अनेकांना ते नव्याने आठवले. असो. ही आपली नेहमीची रीत आहे.

काही वर्षांपूर्वी मी या झेरॉक्सला पर्याय म्हणून ‘साहित्यिक मुंबई’ नावाची सहल काढली. ती फसली, आणि का फसली हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. माझ्या डोक्यात अभ्यासक्रम होता. नारायण सुर्वे, अण्णाभाऊ साठे, बाबुराव बागूल, जयवंत दळवींची ‘चक्र’, भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’, जयंत पवारांचे ‘अधांतर’. एकेका कृतीचा परिसर दाखवायचा, तिथेच उभे राहून उतारा वाचायचा, चर्चा करायची. सहकाऱ्यांपैकी एकाने ‘गोलपिठा’ही सुचवले. त्याला मात्र मी ठाम नकार दिला आणि आजही देईन. ढसाळांचा १९७२चा तो संग्रह वर्गात वाचावा, पुन्हा पुन्हा वाचावा. पण त्यासाठी कामाठीपुऱ्याच्या गल्लीत पस्तीस विद्यार्थ्यांची रांग नेऊन तिथल्या बायकांच्या दारांत डोकावणे याला साहित्याभ्यास म्हणत नाहीत. ज्या नजरेविरुद्ध ती कविता उभी आहे तीच नजर घेऊन तिच्या पत्त्यावर जायचे, हा प्रकार मला असभ्य वाटतो. साहित्यिक पर्यटनाची हौस हल्ली वाढली आहे म्हणून हे मुद्दाम लिहिते.

तर, आम्ही गिरणगावात गेलो. एका जुन्या गिरणीची चिमणी तेवढी उरली होती, तिच्यामागे काचेचा टॉवर. मी १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाविषयी बोलू लागले. विद्यार्थी शांत होते, आणि शिक्षकाला ही शांतता ओळखता येते : ती ऐकण्याची नसून सोसण्याची असते. सहज मागे पाहिले तर पाचसहा मुले रांगेत नव्हतीच. ती फाटकापाशी वॉचमनभोवती जमली होती. तो किन्हवलीकडचा निघाला. बारा तासांची ड्यूटी, साकीनाक्याला पाच जणांत एक खोली, भातलावणीला पंधरा दिवस गावी. तो मुलांना सांगत होता, या इमारतीत पार्किंगच सात मजल्यांचे आहे. गाडीला लिफ्ट आहे. रात्री दोनला जेवण मागवणारी माणसे इथे राहतात. एका मुलाने विचारले, “काका, तुम्ही वर कधी गेलात?” तो म्हणाला, “एकदा. पाणी येत नव्हतं म्हणून प्लंबरला घेऊन.”

माझ्या व्याख्यानापेक्षा हे वाक्य मुलांनी अधिक लक्षात ठेवले. मीही. मी त्यांना नाहीशा झालेल्या मुंबईचे अवशेष दाखवत होते, आणि चालू मुंबई त्यांच्याच तालुक्यातल्या माणसाच्या तोंडून त्यांच्याशी बोलत होती.

पाण्याचा उल्लेख झाला आहे तर मूळ मुद्द्याकडे येते.

मुंबईला नळाचे पाणी प्रथम मिळाले ते विहारचे, १८६० साली. म्हणजे माडगावकरांचे पुस्तक निघाले तेव्हा ती नवलाई अवघी तीन वर्षांची होती. त्याआधीचे शहर विहिरींवर आणि तळ्यांवर जगत होते. धोबीतलाव, गोवालिया टँक ही नावे त्याची साक्ष आहेत, तळी बुजली तरी. मग १८७९ मध्ये तुळशी. तेही पुरेना तेव्हा शहराने बेटाबाहेर, थेट आमच्या तालुक्यात हात घातला : १८९२ मध्ये तानसा. पुढे १९५७ मध्ये वैतरणेवरचा मोडकसागर, १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा, ऐंशीच्या दशकात भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज मुंबईच्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास एकट्या भातशाचे आहे. भातशाचे पाणी नदीतूनच पिशाच्या बंधाऱ्यापर्यंत जाते, तिथे उपसले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि मोठ्या जलवाहिन्यांतून शहरात पोहोचते. तानशाचे तर उतारानेच जाते, उपशाचीही गरज नाही. आणि शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर मार्च-एप्रिलपासून टँकरची वाट पाहणे सुरू होते. वृत्तपत्रे दर उन्हाळ्यात ही बातमी देतात. मथळाही बहुधा तोच असतो.

हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसते असे नाही. धरणाच्या भिंतीवरून त्यांची एस.टी. जाते. पण ते पाणी पुढे कुठे जाते हे ठाऊक असणे वेगळे, आणि ते पोहोचलेले पाहणे वेगळे. म्हणून गेल्या दोन सहलींत मी नवी स्थळे शोधली नाहीत. त्याच झेरॉक्समधली स्थळे घेतली आणि ती पाण्याच्या वाटेने लावली.

सुरुवात बोरीबंदरावर. स्टीव्हन्सचे १८८८चे हे स्थानक सगळेच पाहतात. २००४ पासून ते जागतिक वारसा आहे. पण बाहेर पडून समोर पाहावे. तिथे महापालिकेची इमारत आहे, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ची. तानशाचे पाणी आले त्याच्या पुढच्या वर्षीची. तिच्या माथ्यावर पंख असलेली मूर्ती आहे, भारतातले पहिले शहर असल्याचा अभिमान मिरवणारी. तानसा तलाव हा आमच्या तालुक्यात असला तरी त्याचा मालक या इमारतीत बसतो, एवढे मी सांगते आणि गप्प बसते. २०२१ साली ही इमारत आतून दाखवण्याची सोय सुरू झाली तेव्हा मला बरे वाटले होते. प्रवेशासमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. त्यांचे नाव लक्षात ठेवावे, दुपारी पुन्हा लागते.

जवळच जीपीओच्या बाजूला कोठारी पाणपोई आहे, १९२३ची. वेळ असेल तर मशीद बंदरच्या गर्दीतली केशवजी नायकांची १८७६ची पाणपोईही पाहावी. ती अधिक देखणी आहे. पाणी पाजणे हे पुण्य मानणाऱ्या व्यापाऱ्यांनी शहरभर अशा पाणपोया बांधल्या. गेल्या वेळी आमच्या द्वितीय वर्षाच्या एका मुलीने तिथे उभे राहून पाटी वाचली आणि म्हणाली, “मॅडम, पाणपोई कुणी दिली ते लिहिलंय. पाणी कुणी दिलं ते नाही लिहिलं.” मी तिला हे सुचवले नव्हते. हे इथे नोंदवते कारण अशा लेखांत विद्यार्थ्यांच्या तोंडी आपलीच वाक्ये घालण्याचा मोह शिक्षकांना फार होतो, आणि वाचणारेही शिक्षकच असल्याने ते लगेच ओळखतात.

तिथून चालत फोर्टमध्ये. फ्लोरा फाउंटन १८६४चे. त्या रोमन पुष्पदेवतेच्या शेजारी १९५५च्या गोळीबारात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेल्यांचे स्मारक आहे. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार तिथे जोडीने उभे आहेत. वॉचमनकाकांना भेटल्यापासून मला त्या जोडीत दोन माणसे न दिसता एकच दिसते, अर्धे वर्ष हे आणि भातलावणीला ते. पुढे एशियाटिकचा टाउन हॉल, १८३३चा. त्याच्या तीस पायऱ्यांवर डबे सोडावेत. या पायऱ्यांवर बसायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि ज्यांना दिवसभर कुठल्यातरी काचेच्या दारापाशी ‘कुठून आलात?’ म्हणून थांबवले जाते त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नाही. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) आमच्या मुलांना रांगेतून बाजूला काढून पिशव्या उलट्या करायला लावल्या. मागून आलेली इंग्रजी माध्यमाची शाळा सरळ आत गेली. पाहायला गेलेल्या माणसालाही शहर पाहत असते, ही सूचना कुठल्याच माहितीपत्रकात नसते.

काळा घोडा म्हणजे शब्दाच्या चिवटपणाचा उत्तम पाठ. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तिथून हलला, नाव हलले नाही. अर्धशतकभर बिनघोड्याचा चौक काळा घोडाच राहिला आणि २०१७ मध्ये लोकांनी बिनस्वाराचा नवा घोडा आणून बसवला. मूळ पुतळा राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहावेत. अरुण कोलटकर या परिसरात बसून लिहीत, हे मी सांगते, पण त्यांचे टेबल शोधायला जात नाही. ते उपाहारगृह केव्हाच बंद झाले.

नावांचेच पुढे. उंबरखाडी, चिंचपोकळी, फणसवाडी, वडाळा, ताडदेव, चिंचबंदर. लोकलमध्ये आणि बेस्टच्या पाट्यांवर ही नावे वाचताना आमची मुले हसू लागली. त्यांच्या पाड्यांची नावे अशीच असतात. व्युत्पत्तीच्या तपशिलात मी शिरत नाही, काही नावांबद्दल वाद आहेत. पण निदान कानाला तरी झाडे ऐकू येतात. उंबर, चिंच, ताड या झाडांत वाढलेल्या मुलाला हे शहर ज्या जागी परके वाटत नाही ती जागा ही आहे. शहरी विद्यार्थ्याला हेच नाव नुसता थांबा वाटते. इथे आमचे विद्यार्थी पुढे असतात आणि ते त्यांना कळतेही.

आता दुपारचे हँगिंग गार्डन. यादीतले सगळ्यांत निरुपद्रवी ठिकाण. झुडपांचे कापून केलेले प्राणी, समोर म्हातारीचा बूट, खाली चौपाटीची कमान. बागेचे अधिकृत नाव फिरोजशहा मेहता उद्यान. ही बाग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारली ती पाण्याच्या टाकीवर. मलबार हिलचा जलाशय या हिरवळीच्या पोटात आहे आणि दक्षिण मुंबईला पाणी इथून जाते. बाग अधांतरी का म्हणायची, तर खाली जमीन नाही, पाणी आहे. त्यात आज नेमका कोणत्या तलावाचा थेंब किती हे वेगळे काढता येणार नाही, पण मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा आमच्या दिशेने येतो एवढे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

आमची सहल तिथे पहिल्यांदा हे ठाऊक होऊन उभी राहिली तेव्हा काय झाले? फार काही नाही. एका मुलाने चप्पल काढून हिरवळीवर पाय ठेवला. दोघींनी कान लावून पाहिला. माझ्या सहकाऱ्याला, जो सहलीतल्या व्याख्यानांचा कट्टर विरोधक आहे, वाटत होते की मी आता भाषण करणार. मी केले नाही. २०२३ साली ही जुनी टाकी पाडून नवी बांधण्याचा विचार झाला, तेव्हा झाडे जातील, बाग काही वर्षे बंद राहील म्हणून तिथल्या नागरिकांनी विरोध केला, हे मात्र मी सांगितले. त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. झाड वाचवणे योग्यच. फक्त आमच्या मुरबाड तालुक्यात काळू नदीवरच्या धरणाविरुद्ध आदिवासी गावे उभी राहून न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा त्या बातमीला शहरात किती जागा मिळाली होती, याची आठवण झाली. दोन्हीकडे माणसे झाडांसाठी आणि जागेसाठीच बोलत होती.

खाली बाणगंगेवर उतरावे. रामाने बाण मारला आणि पाणी उसळले, अशी कथा. आमच्याकडे आजोबाच्या डोंगरावर वाल्मीकींचा आश्रम सांगतात, लवकुश तिथलेच. कुणीतरी म्हणाले, “सीता आमच्याकडे आणि राम इथं.” सगळे हसले. लोककथेच्या तासाला वर्षभर जे जमत नाही ते असे एका वाक्यात होऊन जाते.

आजोबावरून आठवले. २००९ साली माळशेज घाटात सोडलेला, गळ्यात रेडिओपट्टा असलेला एक बिबट्या सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून, कसाऱ्याचा लोहमार्ग, महामार्ग आणि खाडी ओलांडून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ म्हटले होते. आमच्या डोंगराशी त्या नावाचा संबंध नाही, पण आमची मुले तो आहे असेच धरून चालतात. २०१४ साली त्याच्यावर चित्रपट आला. यादी नसताना मुंबई गाठलेला आमच्या बाजूचा हा एकमेव पर्यटक. २०११ साली तो महामार्गावर गाडीखाली गेला.

माझ्या या पद्धतीवर एक आक्षेप आहे आणि तो मला टाळता येत नाही. माझा तोच सहकारी म्हणतो, “तुम्ही मुलांना मुंबई दाखवत नाही, मुंबईवरचा हिशेब दाखवता. वर्षातून एक दिवस ती घराबाहेर पडतात. त्यांना समुद्र बघू द्या.” यात तथ्य आहे. पहिल्या वर्षी माझ्या पाणपोया आणि पुतळ्यांत इतका वेळ गेला की गिरगाव चौपाटीवर पोहोचेतो अंधार पडला, आणि एक मुलगी लाट पायाला लागायच्या आत परत फिरली, कारण आसनगावहून डोळखांबची शेवटची जीप चुकली असती. तिने पुढे पदवी घेतली, लग्न झाले. समुद्र तिने नंतर पाहिला की नाही मला माहीत नाही. ती चूक माझी होती. शहराविषयी आपली बाजू कितीही खरी असली तरी ती विद्यार्थ्याच्या समुद्रातून कापून घ्यायची नसते. तेव्हापासून चौपाटीला दोन तास राखून ठेवते आणि त्या दोन तासांत काहीही शिकवत नाही.

यंदाचा कागद मी स्वतः टाइप करून दिला. कार्यालयाने ‘महापालिका इमारत’ आणि ‘पाणपोई’ या दोन ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारून ‘ही पर्यटनस्थळे आहेत काय?’ असे विचारले आहे. मी ‘होय’ लिहून परत पाठवला. म्हातारीचा बूट ठेवला आहे. सहल जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघेल. बुधवार सोडून, कारण बुधवारी राणीची बाग बंद असते.